पौषाआधी बर्गेन

आमगाव,
३० जून १९४६

ती. दादांस,
नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. धानाच्या रोपांचे परहे टाकून झाले. शाळा पुढल्या सोमवारी उघडेल. तुमची आणि वहिनींची प्रकृती चांगली असेल.

एक काम आहे. तुम्ही मुंबईत बोटीच्या कचेरीत तिकिटं देता, म्हणून ते तुमच्याकडेच. मला यंदाच्या नाताळापर्यंत नॉर्वेत पोचायचं आहे. कुठून निघायचं, कुठे बोट बदलायची, किती दिवस लागतील, ते सगळं क्रमाने लिहून पाठवा. हसायचं असेल तर हसून घ्या आणि मग लिहा.

मागच्या गुरुवारी मामाजींनी मला अंगणात हाक मारली. म्हणाले, "शामकला, पोराचं शेवटचं पत्र येऊन पौषात बारा वर्सं होतेत. आता त्याले मोकळा करा लागते. तो तेथं अधांतरी लटकून राहिला असन." मी बरं म्हटलं. सासऱ्यांना दुसरं काय म्हणणार? ते गोंदियाच्या पंडितांना विचारून आले आहेत. माणूस परदेशी गेला आणि बारा वर्षं त्याचा पत्ता नाही, तर पळसाच्या पानांचे तीनशेसाठ देठ घेऊन त्याचा पुतळा बांधतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. पौष अमावास्या धरली आहे. धाकटे भावजी, ईश्वरदास, अग्नी देतील. तेव्हापासून मी विधवा. आज मी कोण आहे ते मला नीट सांगता येत नाही, पण कुंकू लावते आणि लोक हळदीकुंकवाला बोलावतात.

तेव्हा पौषाआधी एकदा जाऊन पाहून यायचं आहे. मँगनीज कंपनीने यांना दोन वर्षांसाठी तिथल्या भट्टीवर नमुने तपासायला पाठवलं, पुढे छत्तीस साली कळवलं की यांनी नोकरी सोडली, पत्ता ठाऊक नाही. मग लढाई लागली. लोक म्हणतात, लढाईत गेले असतील. पण पाहिलेलं कुणी नाही.

नाताळच धरायचं कारण यांच्या शेवटच्या पत्रात आहे. तुम्हीही वाचलं होतं. "इकडे नाताळात कुणी घराबाहेर राहत नाही. भट्टीसुद्धा मंद करतात. समुद्रावरचा खलाशीही त्या संध्याकाळी घरी येतो. प्रत्येक खिडकीत मेणबत्ती असते, आणि दाराशी पाखरांसाठी धान्याची पेंढी बांधतात, आपण ओसरीत चिमण्यांना धानाच्या लोंब्या टांगतो तशी. गाव खाडीच्या टोकाला आहे. दोन्ही बाजूंनी डोंगर आणि मध्ये पाणी. बोदलकशाचं तळं कुणी ताणून दहा कोस लांब केलं तर असं दिसेल." जिवंत असतील तर त्या संध्याकाळी ते कुठल्या ना कुठल्या घरात असतील. इतर दिवशी माणूस कुठेही असू शकतो.

मी रडून लिहिते आहे असं समजू नका. मला काही वाटत नाही. परवा भाकरी करताना हात तव्यालाच टेकला होता. शेतावर कामाला येणारी फुलवंता धावत आली आणि तिने माझा हात ओढला, तेव्हा पाहिलं. फोड आला आहे. लिहायचा हात नाही तो.

आपली,
शामकला

*

मुंबई,
१४ जुलै १९४६

चि. शामकला हिस,
टेकचंदाचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. रामटेकच्या पलीकडे न गेलेली माझी बहीण एकदम उत्तर ध्रुवाच्या वाटेला लागली! तुझी वहिनी म्हणते, वन्संना तिकडे पान कुठे मिळणार? मी म्हटलं, पानाचं राहू दे, तिकडे सूर्यच दुपारी तीनला मावळतो.

आता थट्टा पुरे. तू क्रमाने मागितलंस, तर क्रमाने देतो. वीस वर्षं या टेबलावर बसून मी लोकांना जगभर धाडलं आणि स्वतः घारापुरीला एकदा जाऊन आलो. तेव्हा आपल्या माणसासाठी प्रवास आखायचा म्हणजे मला हौसच.

बॅलर्ड पिअरवरून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं. एडन, सुएझचा कालवा, मग लिव्हरपूल. तीन आठवडे धर. पोटात ढवळतं, त्यासाठी आवळासुपारी ठेव. लिव्हरपूलहून रेल्वेने न्यूकॅसल. तिथून बोटीने एका दिवसात बर्गेन. तिथे लाकडी घरं आहेत, लाल आणि पिवळी, आणि पाऊस तर आपल्या तिरोड्यालाही लाजवील असा. बर्गेनहून डोंगरावरची आगगाडी. बर्फातून, बोगद्यांतून, दिवसभराचा प्रवास करून ओस्लो. वाटेत खाड्या दिसतील, ज्यांना ते लोक फ्योर्ड म्हणतात. खिडकीची जागा धरायची. मग स्टॉकहोम. तिथे १३ डिसेंबरला पोचलीस तर पाहशील, पोरी पांढरे झगे घालून, डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट घेऊन गात फिरतात. केस कसे जळत नाहीत देव जाणे. आणि नाताळ कोपनहेगनला. घराघरात झाड आणतात, त्याला दिवे लावतात आणि सगळं घर हात धरून त्याच्याभोवती फेर धरतं, आपल्या भुलाबाईसारखा. हे सगळं आमच्याकडच्या जुन्या, लढाईआधीच्या माहितीपुस्तकातून उतरवलं आहे. वेगळ्या कागदावर सुबक नकाशाही काढून पाठवतो आहे.

एक अडचण आहे. बोटी अजून लष्कराच्या ताब्यात आहेत. गोरे सोल्जर आणि त्यांच्या मडमा आधी जाणार. तुझं नाव यादीत घातलं आहे, पण नंबर फार खाली आहे. तेव्हा मन घट्ट ठेव.

आणि हे बघ, मामाजींशी वाद घालू नकोस. जुन्या लोकांनी बारा वर्षांचा नियम केला तो काही उगाच नाही. माणसाला कुठेतरी थांबावं लागतं. हाताला खोबरेल लाव.

तुझा दादा,
टेकचंद

*

आमगाव,
६ ऑगस्ट १९४६

ती. दादांस,
नमस्कार.

सोबत राखी आहे. पौर्णिमेच्या आत पोचावी. वहिनींकडून बांधून घ्या.

नकाशा मिळाला. छान काढला आहे. मी तो वर्गात भिंतीला लावला. चौथीच्या मुली आता बर्गेन, ओस्लो, स्टॉकहोम असं पाढ्यांसारखं म्हणतात. इन्स्पेक्टर आले तर बरंच आहे.

माझी तयारी चालू आहे. पासपोर्टचा फॉर्म नागपूरहून मागवला. पतीचं नाव आणि पत्ता, अशी ओळ होती. नाव मी घेत नाही, म्हणून भावजींकडून लिहवून घेतलं. पत्ता शेवटच्या पत्रावरचा घातला. चौकशीला ठाण्यातून जमादार आले. म्हणाले, "बाई, मालक कहाँ है?" मी म्हटलं, नॉर्वेत. "और आप कहाँ जा रही हैं?" मी म्हटलं, नॉर्वेत. "फिर तो ठीक है," म्हणून ते चहा पिऊन गेले. इतकं सोपं कुणी मला बारा वर्षांत केलं नव्हतं.

गोंदियाला लष्कराचा जुना माल विकायला काढला आहे. तिथून एक कोट आणि बूट आणले. बूट दोन बोटं मोठे आहेत, पुढे चिंध्या भरल्या. सवय व्हावी म्हणून ते घालून शेताच्या धुऱ्यावरून फिरते. रोवणीच्या बाया पाहतात. फुलवंता म्हणाली, "कायले वं बाई पलटणीत जाऊन राहिली?" मामाजींनीही बूट पाहिले. एक गळपट्टा विणायला घेतला आहे, यांच्यासाठी. राखाडी रंगाची लोकर मिळाली.

आता विचारायचं ते विचारते. तुम्ही आखलेल्या प्रवासात तीन देशांच्या राजधान्या आहेत, मेणबत्तीवाल्या पोरी आहेत, आगगाडीत कुठल्या बाजूला बसायचं तेही आहे. खाडीच्या टोकाचं ते गाव मात्र कुठेच नाही. त्यासाठीच तर मी जाते आहे. तुम्ही मला बर्गेनला उतरवलं आणि त्याच दिवशी आगगाडीत बसवून उलट्या दिशेला पाठवलं. नाताळ तुम्ही कोपनहेगनला ठेवलात. ते तर दुसरंच राज्य आहे. चुकून राहिलं असेल. बर्गेनहून त्या गावी बोट कधी सुटते ते कळवा.

आपली,
शामकला

*

मुंबई,
२० सप्टेंबर १९४६

चि. शामकला,
आशीर्वाद.

राखी मिळाली. उत्तराला उशीर झाला. शहरात दंगे झाले, कचेरी अधूनमधून बंद होती. आम्ही सुखरूप आहोत, काळजी करू नये.

त्या गावाबद्दल मुद्दाम चौकशी केली. ते आडबाजूला आहे. हिवाळ्यात खाडी गोठते, त्यामुळे बर्गेनहून जाणारी छोटी बोट नोव्हेंबर ते मार्च बंद असते. म्हणूनच मी ते घातलं नव्हतं. उगाच काठावर थांबून राहण्यापेक्षा शहरं पाहिलेली बरी. आणि जागेचं म्हणशील तर यादी हललेलीच नाही. तेव्हा फार मनात धरू नकोस. पौष जवळ आला की मीच तिकडे येईन, तू एकटी नसशील.

बूट पायाला लागत असतील तर आतून मेण चोळावं.

तुझा,
टेकचंद

*

आमगाव,
१० ऑक्टोबर १९४६

ती. दादांस,
नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी चौथीला युरोपच शिकवत होते. पुस्तकात पान एकेचाळीसवर आहे: "नॉर्वेचा पश्चिम किनारा उष्ण प्रवाहामुळे ऐन हिवाळ्यातही गोठत नाही, म्हणून तेथील बंदरे बारमाही खुली असतात." आठ वर्षं मी हे वाक्य मुलींकडून पाठ करून घेते आहे. गंगू नावाची पोर आहे, तिला स्वतःचं वय सांगता येत नाही, पण हे सांगता येतं.

दादा, तुम्ही वीस वर्षं बोटींच्या टेबलावर आहात. तुम्हाला हे ठाऊक नाही असं होणार नाही. तुम्ही लहानपणीही खोटं बोलायचात तेव्हा गरजेपेक्षा जास्त सांगायचात. बोदलकशाच्या तळ्यात होडी बुडवली तेव्हा मोठ्या माशाने ती उलटवली म्हणून आबांना त्या माशाचं वजनसुद्धा सांगितलं होतं.

काय आहे ते मला सांगा. मी घाबरत नाही. सध्या मी सकाळी नदीवर जाते. तिकडची थंडी सोसायची म्हणून वाघ नदीत गुडघाभर पाण्यात उभी राहते, शंभर आकडे म्हणून बाहेर येते. बाया म्हणतात, आतापासूनच पाणी झोंबतं. मला गार लागत नाही. काहीच लागत नाही. कधी कधी पाण्यात पाय आहेत की नाहीत ते वाकून पाहते.

दिवाळी चोवीसला आहे. भाऊबीजेला या. ओवाळून झालं की पाटावर बसल्या बसल्या सांगा. पत्रात नको. मी घारगे करून ठेवीन.

आपली,
शामकला

*

मुंबई,
२ नोव्हेंबर १९४६

शामकला,

भाऊबीजेला आलो नाही. तिकीट काढलं होतं, व्हिक्टोरिया टर्मिनसपर्यंत गेलो आणि परत आलो. तुझ्यासमोर पाटावर बसून हे बोलण्याची माझी हिंमत झाली नाही. तू घारगे केले असशील.

नंदलालराव जिवंत आहेत.

मला हे छत्तीस सालापासून ठाऊक आहे. तेव्हा त्यांनी माझ्या कचेरीच्या पत्त्यावर लिहिलं. ज्या घरात ते भाड्याने राहत होते त्या घरच्या सिग्रिद नावाच्या मुलीशी त्यांनी लग्न केलं. कंपनी सोडून तिथेच भट्टीच्या गोदामात नोकरी धरली. "शामकलेला हे कसं सांगायचं ते मला कळत नाही, तुम्ही सांगा. मला मेलेला समजा," असं लिहिलं होतं. त्या महिन्यात आबा अंथरुणाला खिळले होते. मी म्हटलं, आबा बरे झाले की सांगू. आबा गेले. मग म्हटलं, दिवस होऊ देत. मग तुला शाळेत नोकरी लागली, तू जरा सावरलीस असं वाटलं, म्हणून गप्प राहिलो. असं करत करत चार वर्षं गेली आणि जर्मनांनी तो मुलूख घेतला. खरं सांगतो, ती बातमी वाचून मला सुटल्यासारखं झालं. आता ते मेलेच असतील, मला काही सांगावं लागणार नाही, असं मनात आलं. मी असा माणूस आहे.

या मे महिन्यात त्यांचं पुन्हा पत्र आलं. ते सोबत ठेवतो आहे. त्यांना नऊ वर्षांची एक मुलगी आहे.

म्हणून जूनमध्ये तुझं पत्र आलं तेव्हा मी प्रवास आखत बसलो. तुझं मन रमेल, तोवर पौष येईल, पुतळा जळेल, आणि नवऱ्याने टाकलं असं तुला कुणी कधी म्हणणार नाही. विधवा असणं त्यापेक्षा बरं, असं मला वाटलं. तुला विचारलं नाही. यादीत तुझं नाव मी मुद्दामच तळाला घातलं होतं.

आणि आता पाहा. परवा एका मेजरच्या कुटुंबाने जागा सोडली. वरचे कुणी इतक्या घाईत निघायला तयार नव्हते, आणि यादी खाली खाली सरकत तुझ्यापर्यंत आली. सत्तावीस नोव्हेंबरची बोट. बर्गेनहून त्या गावी बोट रोज असते. नाताळच्या आदल्या दिवशी तू त्या दारात उभी राहू शकतेस. आता खरं सांगितलं नाही तर तुला ते दार उघडल्यावर कळेल, ते माझ्याच्याने पाहवत नाही.

जायचं असेल तर जा. मी जागा धरून ठेवली आहे. मामाजींना सांगायचं की नाही, तेही तूच ठरव. मला काय म्हणायचं ते म्हण.

टेकचंद

*

मुंबई,
२० नोव्हेंबर १९४६

शामकला,

अठरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. काल तार केली, तिचंही नाही. ईश्वरदासांना विचारावं तर काय विचारू? बोट सत्तावीसला सुटते. पंचविसापर्यंत जागा धरता येईल. हो किंवा नाही, एक शब्द तारेने कळव. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही.

टेकचंद

*

आमगाव,
२७ जानेवारी १९४७

ती. दादांस,
नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं आणि तार मिळाली होती. लिहायला बसले की सुचत नव्हतं. राग येईल, मग लिहीन, असं म्हणून थांबले. तोही आला नाही.

सत्तावीस नोव्हेंबरला, तुमची बोट सुटली असेल त्या सुमाराला, मी तुमचं पत्र घेऊन खळ्यावर गेले. मळणीचं चुरणं चालू होतं. मामाजींना बसवून सगळं वाचून दाखवलं. मधलं काही गाळलं नाही. यांचंही पत्र वाचलं. मामाजी बराच वेळ हातातल्या लोंबीचे दाणे सोलत राहिले. मग म्हणाले, "जित्ता हाये." मी हो म्हटलं. "पोरगी कोनावर गेली म्हंते?" मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही.

मग म्हणाले, "बारा वर्सं मी त्याले रोज उलीसा उलीसा जाळून राहिलो. पंडितले काही सांगजो नोको. तू म्हनशीन त पुतळा करू, नाई म्हनशीन त नाई. कुंकू तुयं हाये, बाई. माया पोरानं नाई विचारलं तुले, मी विचारतो."

मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तुम्हीही नाही, यांनीही नाही. मी म्हटलं, होऊ द्या. त्यांनीच लिहिलं आहे, मेलेला समजा. पण नुसतं समजून होत नाही, मामाजी. ते मी करून पाहिलं. मामाजी म्हणाले, "मंग देठ तूच मोज. माले आता बारीक दिसत नाई."

फुलवंतेला घेऊन पळसाची पानं आणली. पौषात ती धुळीने भरलेली, कडक झालेली असतात. देठ काढून दहा-दहाच्या जुड्या बांधल्या आणि दोनदा मोजल्या. फुलवंता म्हणाली, "येकदा मोजले ना वं, आनखी काऊन मोजून राहिली?" सवय आहे मास्तरणीची, दुसरं काय. डोक्याला चाळीस, गळ्याला दहा, हातांना शंभर, असं पंडितांनी सांगितलं तसं मी भावजींच्या हाती देत गेले. उंची किती ठेवायची, असं भावजींनी विचारलं. मला आठवेना. माझ्या कानाच्या थोडं वर, एवढं सांगितलं. पुतळ्याला वस्त्र लागतं, तेव्हा धोतरावर तो राखाडी गळपट्टा घातला. लोकर जळते तेव्हा फार वास येतो. बाकी सगळं लवकर जळलं, वाळलेलंच होतं. मामाजी शेवटपर्यंत उभे होते. पंडितांनी त्यांना बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

तिथे कुणीतरी पंडितांना विचारलं, "आन उद्या तो आला त?" ते म्हणाले, शास्त्रात आहे. मेलेला परत आला तर त्याला तुपाने न्हाऊ घालायचं, जातकर्म करायचं, बारसं करायचं, मुंज करायची, आणि मग लग्न. बायको तीच असली तरी तिच्याशी पुन्हा नव्याने. लोक जरासे हसले. मला ते पटलं. नव्याने म्हणजे तिला पुन्हा विचारावं लागणार, आणि ती नाही म्हणू शकते.

त्या संध्याकाळी चिठ्ठी लिहिली. ती सोबत आहे. तुमच्याकडे पत्ता आहे, पाठवून द्या. उघडी ठेवली आहे, तुम्हीही वाचाल म्हणून इथेच उतरवते:

"श्री. नंदलाल यांस,
मेलेला समजा, असं तुम्ही दादांना लिहिलं होतं. पौष अमावास्येला ते रीतसर केलं. तीनशेसाठ देठ मी स्वतः मोजले, कमी पडला नाही. मामाजींना सगळं ठाऊक आहे, इथल्या इतर कुणाला नाही. मी नाताळात तिकडे येणार होते. आले नाही. तुम्ही कधी इकडे आलात तर आधी तुमचं बारसं करावं लागेल, असं पंडित सांगतात. नाव काय ठेवायचं ते तुमच्या मुलीला विचारून या. ती कोणावर गेली, असं मामाजी विचारत होते. त्यांना तिचा एक फोटो पाठवा.
शामकला"

त्यांचं नाव मी पहिल्यांदा लिहिलं. आता हरकत नाही.

बूट फुलवंतेला दिले. ती ते घालून सरपणाला जाते, काटे लागत नाहीत म्हणते. कोट मामाजी पांघरतात. तुमचा नकाशा वर्गात आहे, तो काढणार नाही. त्यावर खाडीच्या टोकाशी मी शाईने एक ठिपका दिला आहे, कारण तुम्ही तो दिला नव्हता. यंदा राखी पाठवीन की नाही ते अजून ठरलं नाही. श्रावण लांब आहे. वहिनींना सांगा, त्यांनी तुमच्याशी बोलावं. घरात दोघंच असताना कुणी बोलत नाही म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

एक सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी बाया मला नदीवर घेऊन गेल्या. दगडावर हात ठेवून बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. तेव्हाही मला काही वाटलं नाही. मग स्नानाला पाण्यात उतरवलं, तिथेच, जिथे मी रोज शंभर आकडे म्हणत उभी राहायची. मी पाय घातला आणि ओरडले. "आई गं!" असं मोठ्यांदा, चौथीतल्या पोरीसारखी. बायांनी मला धरलं. एक जण म्हणाली, "रडू द्या वं तिले, बारा वर्सांचं हाये ते." त्यांना वाटलं, मी नवऱ्यासाठी ओरडले. थोड्या वेळाने मी खरंच रडले.

पण आधी ओरडले ते त्याच्यासाठी नाही. पाणी गार होतं, दादा. फार गार होतं.

शामकला